दमलेल्या मुलांचं मैदान

2021च्या सप्टेंबरात तमिळनाडूत नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा मी तंजावूरच्या एका खासगी शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. नवरा हवाई दलात. तंजावूरच्या तळावर 2020च्या जानेवारीत सुखोई विमानांची तुकडी उभी राहिली आणि पुढे आमची बदली तिकडे झाली. माझं माहेर साताऱ्याकडचं. अजिंक्यताऱ्यावर पळायला जाणाऱ्या पोरांमध्ये वाढलेली मी कावेरीच्या सपाट, दमट खोऱ्यात शिट्टी घेऊन उभी राहिले.

प्रार्थनेला उभी असलेली मुलं पाच-सात मिनिटांत एकेक करून मटकन खाली बसायची. मैदानाला एक फेरी सांगितली की अर्ध्यावरच हात कमरेवर. "मिस, मुडियल." होत नाही, मिस. मी शिकलेलं पहिलं तमिळ वाक्य हेच. दीड वर्षातला बहुतेक काळ मुलं घरात, मोबाइलसमोर बसलेली होती. त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत एकच होतं: लॉकडाउनची सुस्ती आहे, महिनाभर पळवा, जाईल. बऱ्याच मुलांची गेलीही. शरीर वापरलं नाही की हृदय आणि स्नायू दोन्ही ढिले पडतात, आणि हळूहळू वापरायला लागलं की सहा-आठ आठवड्यांत पुन्हा सावरतात. चालणं, मग चालता चालता थोडं धावणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. एवढ्यावर वर्गातली अर्धीअधिक मुलं मार्गी लागली. प्रश्न होता तो दिवाळी झाली, पोंगल झाला, तरी तशीच मलूल राहिलेल्या मुलांचा. त्यांना शाळेत एकच विशेषण होतं, आळशी. ते मला पटत नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर मैदानावर आल्यावर खेळायचं नाही म्हणतं, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

म्हणून मी एक वही सुरू केली. प्रत्येक मुलाचं एक पान. काल झोपलास कधी, उठलास कधी. सकाळी काय खाल्लंस. थकवा केव्हा जास्त: उठल्याउठल्या, दुपारी की खेळल्यानंतर? खेळल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? मुलींना बाजूला घेऊन पाळीचं विचारायचं, किती दिवस, किती जाते. अंथरुणातून उठण्याआधी स्वतःची नाडी मोजायला सगळ्यांना शिकवलं. मुलांना याची मोठी गंमत वाटली, कारण त्यांना कुणी असं काही विचारलेलंच नव्हतं.

या गावात अशी नोंद ठेवण्याची जुनी परंपरा आहे. तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी इथे धन्वंतरी महाल चालवला. तिथे औषधांचा अभ्यास होई, रोग्यांवर उपचार होत. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं, काहींच्या डोळ्यांची चित्रं काढून, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रोगी कोण, तक्रार काय, उपाय काय केला, गुण आला का, हे दोनशे वर्षांपूर्वी इथे लिहून ठेवलं जात होतं. आपल्या शाळांत मात्र मुलाच्या गुणांची नोंद पै-पैशाच्या हिशेबासारखी असते आणि तब्येतीची नोंद म्हणजे वर्षातून एकदा उंची आणि वजन.

वहीतून पहिलं वर आलं ते झोपेचं. दहावीतल्या एका मुलाचा दिवस सांगते. साडेपाचला उठायचं, सहाला गणिताची ट्यूशन. तिथून शाळेची व्हॅन. शाळा सुटल्यावर स्पेशल क्लास. संध्याकाळी आणखी एक ट्यूशन. घरी पोचायला नऊ. मग जेवण, गृहपाठ, आणि दिवसभरात स्वतःचा असा वेळ मिळालेला नसतो म्हणून मोबाइल. झोपायला साडेबारा. म्हणजे पाच तास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा तास-दोन तास उशिरा स्रवायला लागतं. पोर दहाला आडवं झालं तरी झोप येत नाही, हा त्याचा हट्ट नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014मध्ये याच कारणाने सांगितलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपण त्याच वयाच्या मुलांना सहाला फळ्यासमोर बसवतो. ती तिथे बसतात, पण शिकत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते.

आणि कॉफी. कुंभकोणमची डिग्री कॉफी इथून तासाभराच्या अंतरावर. तंजावूरच्या घरात फिल्टर कॉफीचा वास नाही अशी सकाळ होत नाही. मलाही तिची आवड लागली. पण अभ्यासाला जागायचं म्हणून रात्री दहाला दिलेल्या टंबलरमधलं निम्मं कॅफिन पहाटे तीनपर्यंत अंगात असतं. शिवाय हीच कॉफी जेवल्याबरोबर घेतली की जेवणातलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाही. हे मला एका मुलीच्या निमित्ताने नीट कळलं.

ती नववीत होती. घराणं तंजावूरच्या मराठ्यांपैकी, मेलवीदीच्या मागच्या गल्लीत जुनं घर. माझं आडनाव ऐकून तिनेच एके दिवशी मराठीत विचारलं होतं, "तुम्ही आमच्यातले का, मिस?" भरतनाट्यम शिकायची. दर प्रार्थनेला तिला चक्कर. जिना चढताना धाप. वर्गात दुपारी डोकं बाकावर. वहीत झोप साडेआठ तास भरत होती, म्हणजे तो प्रश्न नव्हता. मी घरी गेले, तेव्हा आजीने सहज सांगितलं, "दिवसभर डब्यातले कच्चे तांदूळ चघळत बसते. किती रागावलं तरी ऐकत नाही." कच्चे तांदूळ, खडू, माती, विभूती असलं काही खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची खूण असू शकते. मी आईला म्हटलं, ताई, आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आठाच्या थोडं वर निघालं. या वयाच्या मुलीचं ते बाराच्या खाली असू नये.

आई चकित. घरात दोन वेळचं सुग्रास जेवण, फ्रीजमध्ये फळं. रक्त कमी असणं हा गरिबांचा आजार, अशी तिची समजूत. बहुतेक सुशिक्षित घरांत अशीच समजूत असते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या आणि मुलगे 31 टक्के. इतक्या मुली काही उपाशी घरांतल्या नाहीत. पांढरा पॉलिश केलेला तांदूळ, त्यावर सांबार, रसम, दही, शाकाहारी घर, महिन्याची पाळी आणि प्रत्येक जेवणावर कॉफी: या ताटात पोट भरतं, लोह मात्र पोचत नाही. हिमोग्लोबिन रक्तातून प्राणवायू वाहून नेतं. तेच कमी असेल तर स्नायूंना तो पुरेसा मिळत नाही, हृदय जोरात धावून भरपाई करतं, आणि जिना चढतानाच मुलगी अशी धापा टाकते की जणू डोंगर चढते आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. या डेल्टात भाताच्या चिखलात अनवाणी हिंडणाऱ्या मुलांच्या पोटात आकडेकृमी शिरायला वेळ लागत नाही, आणि ते थेट रक्तच पितात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी तिच्यापासून दोन तास लांब. हिमोग्लोबिन बरोबर आल्यावरही काही महिने गोळ्या चालू, कारण आधी रिकामा झालेला साठा भरायचा असतो. आजीचा शेवग्याच्या पाल्यावर फार विश्वास. तो जरूर खावा, नाचणीही खावी, पण आठावर आलेलं रक्त नुसत्या पाल्याने बारावर जात नाही, आणि हे घरच्या मोठ्यांना स्पष्ट सांगावं लागतं. मुलगी हळूहळू बदलली. आधी तांदळाचा डबा सुटला, मग दुपारची डुलकी. वर्षअखेरीला ती मैदानाभोवती न थांबता पळत होती.

इथे एक गोष्ट मनाला लागते. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, वर्षातून दोनदा जंताचं औषध मिळतं. तमिळनाडूत मुख्यमंत्री एम.जी.आर. यांनी 1982मध्ये वाढवलेल्या मध्यान्ह भोजनात अंडंही असतं. भरमसाट फी घेणाऱ्या शाळा लोहाच्या गोळीच्या योजनेबाहेर राहतात, आणि तिथल्या मुलींचं रक्त कुणीच बघत नाही. रक्तच कशाला, 2016 ते 2018मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता 31 टक्क्यांना आणि ड जीवनसत्त्वाची 24 टक्क्यांना आढळली. या दोन्हींनी अंग गळून जातं. आणि ड ची कमतरता वर्षभर ऊन असलेल्या देशात!

मुलींबद्दल आणखी सांगायला हवं. जगभरातल्या अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, असं 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मुलींचं प्रमाण मुलग्यांहून वाईट. पुरेशी म्हणजे दिवसाला तासभर दमवणारी हालचाल, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. माझ्या मैदानावर खेलो इंडियाच्या चाचणीतल्या 600 मीटरला निम्म्या मुली "पोट दुखतं" म्हणून कडेला बसायच्या. त्यांतल्या कितीतरी संध्याकाळी नृत्याच्या वर्गात अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, तासभर पाय आपटायच्या. अरैमंडी कुणी धरून बघावी. मी व्यायामात मुरलेली, पण चार मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. ज्या पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी भरतनाट्यमचा आजचा क्रम बसवला, ते याच तंजावूरचे, सरफोजीराजांच्या दरबारात वावरलेले. त्यांच्या गावातल्या मुली नाजूक आहेत असं मी कसं मानू? मग मैदानावर अडत काय होतं ते विचारलं. स्कर्टचा गणवेश. कुंपणाला टेकून बघणारे मुलगे. पाळीच्या दिवसांत जवळ स्वच्छतागृह नाही. मुख्याध्यापकांशी बोलून मुलींचा तास मागच्या मैदानावर घेतला, पॅन्ट घालायची मुभा मिळवली, सुरुवात त्यांच्याच अडवूंनी, म्हणजे नृत्यातल्या मूळ पदन्यासांनी, केली. पोटं दुखायची थांबली.

आता त्या मुलाबद्दल, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले.

अकरावीतला, फुटबॉलचा उत्तम खेळाडू. दुसऱ्या लाटेत त्याला करोना होऊन गेला होता, दवाखान्यात न जाता घरीच बरा झाला. शाळा उघडल्यावर तो हौसेने खेळायला आला. वीस मिनिटं अगदी पूर्वीसारखा खेळायचा. त्यानंतर दोन-तीन दिवस गैरहजर. परत आला की डोळे खोल, वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणायचा, उजेड सोसत नाही. शिक्षक म्हणायचे, खेळायला दम आहे, परीक्षेला नाही. घरचे म्हणायचे, बारावीची धास्ती घेतली आहे. रक्त, थायरॉइड, साखर, छातीचा फोटो सगळं व्यवस्थित. एका डॉक्टरांनी मनाचं दुखणं आहे, रोज पळवा, असा सल्ला दिला. त्याप्रमाणे वडील पहाटे त्याला स्टेडियमवर नेऊ लागले, आणि महिन्याभरात तो अंथरुणाला खिळला.

वहीचं त्याचं पान मी काढलं. खेळलेले दिवस आणि गैरहजर दिवस समोरासमोर मांडले, तेव्हा चित्र सरळ होतं. प्रत्येक खेळानंतर, चोवीस तासांच्या आत, तो कोसळत होता. झोपून उठल्यावरही थकवा तसाच. सुस्त मुलाचं उलट असतं. त्याला पहिल्या दिवशी जड जातं, चौथ्या दिवशी सोपं होतं. मी घरी जाऊन त्याची नाडी मोजली. आडवा असताना मिनिटाला 72. टेकू न घेता उभं केल्यावर दहा मिनिटांत 118. या वयात उभं राहिल्यावर नाडी चाळीसहून जास्त वाढून तशीच राहत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं असतं. ते पान आणि ते आकडे घेऊन वडील त्याला तिरुच्चीला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, आणि करोनानंतर जडलेला दीर्घ थकव्याचा विकार, मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, असं निदान केलं.

हा विकार बहुधा एखाद्या संसर्गानंतर जडतो. त्याला ठरावीक रक्तचाचणी नाही, खात्रीचं औषध नाही. त्याची ओळखच ही, की श्रमाने तो वाढतो. वर्षानुवर्षं जगभर या रोग्यांना थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या असं सांगितलं जाई. रोगी ओरडून सांगत होते की याने आम्ही आणखी बिघडतो. अखेर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर 2021मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपाय या विकारासाठी देऊ नये, असं सांगितलं. त्याच तत्त्वांत असंही आहे की मुलांमध्ये अशी लक्षणं चार आठवडे टिकली तरी या विकाराची शंका घ्यावी. माझं सगळं शिक्षण व्यायामाने माणूस सुधारतो यावर उभं आहे, आणि मी ते मानते. म्हणूनच प्रत्येक व्यायामशिक्षकाला हे माहीत हवं, असं मला तळमळीने वाटतं. अशी मुलं थोडी असतात. पण त्यांना पळवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो आपल्या शिट्टीने होतो.

त्याच्यासाठी शाळेने जे केलं ते साधं होतं. प्रार्थनेला खुर्ची, तळमजल्यावरचा वर्ग, दिवसाला चारच तास, मधे आडवं व्हायला आजारी मुलांची खोली. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी आणि मीठ वाढवलं. ताकदीच्या आतच दिवस आखायचा, बरं वाटलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत. हे त्याला सगळ्यात जड गेलं. मोठ्यांपेक्षा मुलं यातून सावरण्याची शक्यता जास्त असते, एवढा आधार डॉक्टरांनी दिला होता. बारावीचे पेपर त्याने एक वर्ष उशिरा, जादा वेळ घेऊन दिले आणि पास झाला. आमची बदली झाली तेव्हा तो संध्याकाळी शिवगंगा बागेपर्यंत चालत जाऊन येत होता. फुटबॉल नाही. आई म्हणाली, "चालतो आहे, एवढं पुरे." मला ते पुरेसं वाटलं नाही. आजाराला वेळीच नाव मिळालं असतं, तर तो महिना त्या पोराचा वाचला असता.

शाळेशी माझा एकच वाद शेवटपर्यंत चालला, तो पी.टी.च्या तासाचा. नोव्हेंबर उजाडला की दहावी-बारावीचा तास गणित नाहीतर भौतिकशास्त्र घेऊन जायचं. परीक्षा पब्लिक, म्हणजे बोर्डाची, आहे, हे एकच उत्तर. ज्या मुलांना झोप पाच तास आहे, त्यांची दिवसातली एकमेव हालचाल काढून घेतली की गुण वाढतात, याचा पुरावा मला कुणी दिला नाही. मी वहीतले झोपेचे तास पालकसभेत वाचून दाखवले, मुलांची नावं न घेता. एक बाई उठून म्हणाल्या, माझा मुलगा कोणता ते मला ओळखू आलं. त्यानंतर आठवड्यातला एक तास दहावीला परत मिळाला. दुसरा नाही मिळाला.

हे फक्त तंजावूरचं आहे असं कुणी समजू नये. परत आल्यावर लातूरला भाचीकडे गेले. तिथल्या क्लासच्या रस्त्यावर रात्री साडेनऊला दप्तरं घेऊन चालणारी मुलं बघितली, तोच चेहरा, तेच ओघळलेले खांदे. भाचीला मी कॉफीचं विचारलं नाही, चहाचं विचारलं. जेवणावर चहा, रात्री जागायला चहा. चहा लोहाच्या बाबतीत कॉफीहून वाईट.

तुमच्या घरातलं पोर सारखं दमलं म्हणत असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी दोन आठवडे त्याच्या झोपेची, जेवणाची आणि थकव्याची नोंद ठेवा. हिमोग्लोबिन तपासा, ते काठावर असेल तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही. मुलगी असेल तर पाळीचं विचारा, आईने नाही तर मावशीने विचारा. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी ते कोसळत असेल तर पळवणं त्या क्षणी थांबवा आणि ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा, पहिल्यांनी ऐकलं नाही तर दुसऱ्यांकडे जा. बाकीच्या सगळ्या मुलांना रोज तासभर मैदान हवं. त्यांच्या शाळेत पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला दिला जात असेल, तर पुढच्या पालकसभेत उभे राहा आणि तो परत मागा.